भाकरी राहू द्या, पाकीट उलटं करून वाचा: किडनीच्या रुग्णाच्या घरासाठी किराण्यातल्या फॉस्फेटचं परीक्षण

हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या मालाचं नाही. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या सुपरमार्केटमध्ये, तालुक्याच्या किराणा दुकानात, बेकरीत आणि हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जो पाकीटबंद, तयार माल सर्रास मिळतो, त्यात बाहेरून मिसळलेलं फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचा क्षार, कुठे असतं, कोणत्या नावाखाली असतं आणि ते का घालतात, हे इथे पाहिलं आहे. घरात कुणाचं डायलिसिस चालू आहे, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं आहे, रिपोर्टवर फॉस्फरसच्या आकड्याभोवती डॉक्टरांनी पेनानं गोल केलाय, अशा घरांसाठी हे लिहिलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे फॉस्फरस वाढला की घरचे पहिल्यांदा ज्वारीची भाकरी बंद करतात, मग वरण पातळ करतात, शेंगदाण्याची चटणी ताटातून काढतात. आणि त्याच माणसाला संध्याकाळी केकचा तुकडा, मशीनचा चहा, नातवाच्या डब्यातलं चीज सँडविच, लग्नात कोल्ड्रिंक चालतं, कारण फॉस्फरसच्या तक्त्यात त्यांची नावंच नसतात. हे नेमकं उलटं चाललंय. बंद करायची सुरुवात पाकिटापासून व्हायला हवी. भाकरीचा नंबर फार मागे लागतो.

असं का, ते नीट समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १०० ग्रॅम ज्वारीत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. म्हणजे ६५ ग्रॅम पिठाची एक भाकरी घेतली तर कागदावर साधारण १८०. पण ज्वारी, तूर, हरभरा, शेंगदाणा यांतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या रूपात बांधलेला असतो आणि तो सोडवणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात जवळजवळ नसतंच. त्यामुळे निम्म्याहून कमी रक्तात जातो, बाकीचा शौचावाटे निघून जातो. दूध, मांस, अंडं यांतला साधारण अर्धा किंवा थोडा जास्त शोषला जातो. कारखान्यात मिसळलेलं फॉस्फेट मात्र साधा विरघळणारा क्षार असतो. तो ९० टक्के आणि त्याहूनही जास्त रक्तात उतरतो.

आता ढोबळ हिशेब करू. भाकरीच्या १८० मधले ७०-८० रक्तात गेले. २० ग्रॅमच्या चीज स्लाइसमध्ये समजा १३० मिलिग्रॅम आहे. त्यातला अर्धा दुधाचा आणि अर्धा मिसळलेल्या क्षाराचा धरला, तरी ९०-१०० रक्तात गेले. नुसते आकडे पाहिले तर भाकरी १८० आणि चीज १३० दिसतं, आणि वाचणाऱ्याला चीज बरं वाटतं. प्रत्यक्षात भाकरीनं पोट भरलं, सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळाली, तंतू मिळाले. स्लाइस पावाच्या मधोमध ठेवली आणि संपली.

यात दुसरी गोम गोळीची. सेव्हेलामर किंवा कॅल्शियम अॅसिटेट ही ‘फॉस्फरसची गोळी’ अन्नातला फॉस्फरस आतड्यातच पकडते, म्हणून ती जेवतानाच घ्यायची असते. एक गोळी साधारण २० ते ३० मिलिग्रॅम फॉस्फरस पकडते, त्याहून फार जास्त नाही. भाकरीबरोबर गोळी पोटात जाते. पाच वाजताच्या केकबरोबर किंवा डायलिसिसहून परतताना एसटी स्टँडवर घेतलेल्या मशीनच्या चहाबरोबर कुणी गोळी घेत नाही. तो फॉस्फरस सरळ आत जातो. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ८०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो. आपल्याकडे बहुतेकांचं डायलिसिस आठवड्यात दोनदा होतं, क्वचित तीनदा. म्हणजे आठवड्याची निघण्याची मर्यादा ठरलेली आहे. आत येणारा माल त्यापेक्षा जास्त झाला की तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियमसोबत जमतो, हाडं ठिसूळ होतात, अंगाला खाज सुटते. रक्तातलं प्रमाण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावं, हे प्रत्येक रिपोर्टवर छापलेलं असतंच.

ज्यांची किडनी धडधाकट आहे त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१९ साली शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम फॉस्फरस ही मर्यादा घातली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४००. पण किडनीचं काम मध्यम किंवा जास्त कमी झालेल्यांना ही मर्यादा लागू नाही, असंही त्याच संस्थेनं स्पष्ट म्हटलंय. साखर आणि बीपीच्या अनेक रुग्णांना आपली किडनी कितपत काम करते हे ठाऊक नसतं. त्यांनी आधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यावं, मग पाकिटं वाचायला बसावं.

पाकिटावर काय शोधायचं

पौष्टिकतेच्या तक्त्यात फॉस्फरस शोधू नका, तो तिथे नसतो. आपल्या नियमांप्रमाणे तिथे ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, साखर, चरबी आणि सोडियम द्यावं लागतं. फॉस्फरस देणं बंधनकारक नाही. तेव्हा तक्ता सोडून घटकांच्या यादीकडे जा. तिथे अॅडिटिव्हचं काम लिहिलेलं असतं आणि पुढे कंसात नाव किंवा आयएनएस नंबर, म्हणजे त्या अॅडिटिव्हचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. हे नंबर इंग्रजी अंकांत आणि बारीक अक्षरांत छापतात, बऱ्याचदा पाकिटाच्या चिकटवलेल्या घडीत. मोबाइलचा कॅमेरा लावून मोठं करून बघा. दुकानदाराला विचारून उपयोग होत नाही, त्यालाही ते माहीत नसतं.

३३८ ते ३४३ आणि ४५० ते ४५२ हे नंबर पाठ करा. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक अॅसिड. ३३९ सोडियमचं, ३४० पोटॅशियमचं, ३४१ कॅल्शियमचं, ३४२ अमोनियमचं आणि ३४३ मॅग्नेशियमचं फॉस्फेट. ४५०, ४५१ आणि ४५२ ही जोडलेली फॉस्फेटं: डाय, ट्राय आणि पॉली. यांच्यासोबत ५४१ लक्षात ठेवा, ते सोडियम अॅल्युमिनियम फॉस्फेट. त्यात फॉस्फरसही येतो आणि अॅल्युमिनियमही, आणि किडनी चालत नसेल तर अॅल्युमिनियम बाहेर पडत नाही. नंबरापुढे कंसात छोटा रोमन अंक असला तरी फरक पडत नाही, ३४० ते ३४०च.

कामाचं नाव मात्र फसवतं. एकच फॉस्फेट एका पाकिटावर अॅसिडिटी रेग्युलेटर असतं, दुसऱ्यावर इमल्सिफायर, तिसऱ्यावर स्टॅबिलायझर, नूडल्सवर ह्युमेक्टंट, केकवर रेजिंग एजंट, सूप पावडरीत अँटिकेकिंग एजंट. म्हणून नाव वाचू नका, नंबर वाचा.

आणि उगाच घाबरवणारे नंबरही सांगतो, नाहीतर माणूस सगळंच सोडून बसतो. ३३० सायट्रिक अॅसिड, ३३१ सोडियम सायट्रेट, ५०० खायचा सोडा आणि त्याचे भाऊबंद, ५०३ अमोनियम बायकार्बोनेट, ५५१ सिलिका, ६२१ म्हणजे लोक ज्याला अजिनोमोटो म्हणतात ते. यांत फॉस्फेट नाही. सोडियम आहे का, ते वेगळं बघायचं. १४१२, १४१४, १४४२ ही फॉस्फेट लावलेली स्टार्चं सॉस आणि मेयोनीजमध्ये दिसतात, पण त्यांतला फॉस्फरस नगण्य असतो. चमचाभर सॉससाठी जिवाला घोर लावू नका. १४२२ मध्ये तर तोही नाही.

चीज

या सगळ्या शेल्फवर सगळ्यांत वाईट माल म्हणून बोट ठेवायचं तर ते प्रोसेस्ड चीजवर. स्लाइस, क्यूब, स्प्रेड, टिनातलं, कुठलंही.

साधं चीज तव्यावर तापवलं की त्याचं तूप वेगळं होतं आणि खाली रबरासारखा गोळा उरतो. कारण दुधाचं केसीन हे प्रथिन कॅल्शियमनं घट्ट बांधलेलं असतं. फॉस्फेट किंवा सायट्रेट त्यातलं कॅल्शियम ओढून घेतं, प्रथिन मोकळं होतं आणि चरबीला धरून ठेवतं. म्हणून स्लाइस एकसारखी वितळते, लोण्यासारखी पसरते, तूप सोडत नाही. यासाठी हे क्षार शंभराला दोन-तीन ग्रॅम इतके लागतात, चिमूटभरानं भागत नाही. चीज मुळातच फॉस्फरसनं भरलेलं, वर ही भर. २० ग्रॅमच्या एका स्लाइसमध्ये १०० ते २०० मिलिग्रॅम फॉस्फरस सहज बसतो. दोन स्लाइसचं सँडविच म्हणजे डायलिसिसच्या एका बैठकीत जेवढा फॉस्फरस निघतो त्याचा चांगला मोठा हिस्सा एका बशीत.

पाकिटावर ‘इमल्सिफायर’च्या पुढे ३३९, ४५० किंवा ४५२ आहे की फक्त ३३१, ते बघा. फक्त ३३१ असलेलं चीज मिळालं तर मिसळलेल्या क्षाराची भर टळते, दुधाचा स्वतःचा फॉस्फरस आणि मीठ मात्र तसंच राहतं. डायलिसिसच्या माणसाला तेही रोज नको. गाड्यावरच्या चीज वडापावला, चीज डोशाला, चीज दाबेलीला पाकीटच नसतं. तिथे ढीगभर किसलेला तो पांढरा-पिवळा कीस बहुतेक प्रोसेस्ड ब्लॉकचा किंवा वनस्पती तेलाच्या नकली चीजचा असतो, आणि ही नकली चीजं फॉस्फेटशिवाय क्वचितच बनतात. तिथे ‘चीज नको’ म्हणणं हाच एक मार्ग.

घरी लिंबू पिळून फाडलेल्या दुधाचं पनीर याच्या तुलनेत कितीतरी बरं. दूध फाडताना खनिजांचा काही भाग निवळीत जातो, म्हणून निवळी ओतून द्या. रुग्णाच्या कणकेत ती वापरू नका.

बेकरी आणि बेकिंग पावडर

इथे खरी माहिती कमी आणि गैरसमज जास्त. बेकरीचं सगळं एकाच टोपलीत घालायचं नसतं.

खारीत फुगवायला काही घालावंच लागत नाही. मैद्याच्या आणि चरबीच्या घड्या भट्टीत वाफेनं सुटतात. तिथे फॉस्फेटचा प्रश्न फारसा येत नाही, प्रश्न डालड्याचा आणि मिठाचा. पाव आणि टोस्ट यीस्टवर फुगतात. साधी ग्लुकोज बिस्किटं बहुतेक ५०३ आणि ५००वर, म्हणजे अमोनिया आणि सोडा. दोन्हींत फॉस्फेट नाही. अमोनिया पातळ, कोरड्या पदार्थातच चालतो. केकसारख्या जाड पदार्थात त्याचा वास अडकून राहतो, म्हणून केकला बेकिंग पावडर लागते. आणि फॉस्फेट तिथूनच आत शिरतं.

बेकिंग पावडर म्हणजे सोडा, सोबत एक कोरडं आम्ल आणि थोडा स्टार्च. आम्ल म्हणून सोडियम अॅसिड पायरोफॉस्फेट म्हणजे ४५०, किंवा मोनोकॅल्शियम फॉस्फेट म्हणजे ३४१, किंवा ५४१ वापरतात. बेकऱ्यांना ४५० आवडतं, कारण ते थंड पिठात गप्प बसतं आणि भट्टीची ऊब लागल्यावरच गॅस सोडतं. घोळलेलं पीठ तासभर पडून राहिलं तरी केक बसत नाही. किंमत अशी की पूर्ण फॉस्फेटवर चालणाऱ्या पावडरीच्या एका चहाच्या चमच्यात ४५० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. ज्यात अर्धं काम अॅल्युमिनियमच्या सल्फेटवर भागवलंय, तिच्यात शंभराच्या आसपास. नुसत्या खायच्या सोड्यात शून्य.

दुकानातला पेस्ट्री केक, कप केक, मफिन हल्ली बहुतेक ‘प्रीमिक्स’वर होतो. अंडं किंवा पाणी, तेल घाला आणि भट्टीत सारा. प्रीमिक्समध्ये ४५० नसेल असं फार क्वचित. सुट्या केकवर लेबल नसतं, तेव्हा बेकरीवाल्याला दोनच प्रश्न विचारा: प्रीमिक्स वापरता का, आणि नानकटाईत पावडर घालता की नुसता सोडा? विचारणाऱ्याला बहुतेक जण सरळ उत्तर देतात. नुसता सोडा म्हणाले तर रुग्णाला एखादी नानकटाई द्यायला हरकत नाही. वाढदिवसाच्या केकची पातळ फोड वर्षातून दोनदा, जेवणाला लागून आणि गोळीसह, इतकंच.

घरी करायचं तर एका चमचा बेकिंग पावडरीऐवजी पाव चमचा खायचा सोडा आणि अर्धा चमचा लिंबाचा रस घ्या. किंवा तोच पाव चमचा सोडा आणि अर्धी वाटी आंबट ताक. मग तेवढं दूध-पाणी कमी करा. आम्ल घातलं की गॅस लगेच सुटायला लागतो. भांडं आधी तापवून ठेवा, लिंबू शेवटी घाला आणि दोन मिनिटांत आत सारा. थांबलात तर केक दडस होतो. आम्ल कमी पडलं की उरलेल्या सोड्यानं साबणासारखी चव येते, आणि ढोकळ्यात हळद असेल तर लाल ठिपके उठतात. ते ठिपके दिसले की सोडा जास्त झाला किंवा नीट मिसळला नाही, असं समजा. पाव चमचा सोड्यात ३०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, त्या हिशेबानं दिवसातलं मीठ कमी करा. क्रीम ऑफ टार्टर मात्र वापरू नका. फॉस्फेट टळतं, पण ते पोटॅशियमचं मीठ आहे, आणि डायलिसिसच्या माणसाला पोटॅशियम त्याहून तातडीनं घात करतं.

फ्रीजरमधला माल

फ्रोझन नगेट्स, सॉसेज, सलामी, कबाब, बर्गरच्या पॅटी यांत ४५१, ४५० किंवा ४५२ जवळपास ठरलेलंच. ते घातल्यानं मांसाची प्रथिनं सैल होतात आणि पाणी धरून ठेवतात. ग्राहकाला पदार्थ रसरशीत वाटतो, आणि विकणाऱ्याचं पाणी मांसाच्या भावानं विकलं जातं. घटकांत ‘चिकन’च्या पाठोपाठ ‘पाणी’ लिहिलेलं दिसलं की पुढे फॉस्फेट शोधा. १०० ग्रॅम मालात ०.३ टक्के ट्रायफॉस्फेट धरलं तर ते ३०० मिलिग्रॅम झालं, त्यातला फॉस्फरस सुमारे ७५. हा मांसाच्या स्वतःच्या फॉस्फरसवर वरून आलेला, आणि जवळजवळ सगळा शोषला जाणारा.

आपल्या गावात यावर सोपा उपाय आहे. समोर कापून देणारं चिकनचं दुकान प्रत्येक तालुक्यात आहे. त्या कोंबडीत मिसळलेलं काही नाही. रुग्णाचा वाटा छोटे तुकडे करून भरपूर पाण्यात उकळा, पाणी टाकून द्या आणि मग फोडणी घाला. विरघळणारा फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही काही प्रमाणात पाण्यात जातात. चव जाते ही तक्रार खरी आहे. आलं, लसूण, धने, थोडं लिंबू यांनी ती बरीच परत येते. रस्सा त्याच्या ताटात वाढू नका.

माशांचंही तसंच. पैठणच्या नाथसागरातला रोहू, कटला, मरळ ताजा मिळत असताना गोठवलेलं बासा फिलेट आणायचं कारण नाही. ही फिलेटं बऱ्याचदा ट्रायफॉस्फेटच्या पाण्यात बुडवलेली असतात. ओळखायची खूण अशी: वितळताना दुधट पाणी खूप सुटतं, मांस काचेसारखं चकचकीत दिसतं, तव्यावर टाकल्यावर पांढरा फेस येतो आणि तुकडा आक्रसून निम्मा होतो. गोठवलेल्या सोललेल्या कोळंबीलाही हेच लागू.

फ्रेंच फ्राइजवर ४५० दिसतं ते वेगळ्या कामासाठी. उकडलेला बटाटा हवेत काळसर पडतो, कारण त्यातलं लोह एका आम्लाशी जुळतं. पायरोफॉस्फेट ते लोह धरून ठेवतं आणि फोडी पांढऱ्या राहतात. प्रमाण चिकनपेक्षा कमी असतं. तरी बटाटा म्हणजे पोटॅशियम, तेव्हा घरीच फोडी कापून, भरपूर पाण्यात उकळून, पाणी ओतून मग परतलेल्या बऱ्या.

पातेल्यातला चहा, मशीनचा चहा

दूध पावडरीत आणि विशेषतः कॉफीच्या क्रीमरमध्ये ३४० किंवा ३३९ स्टॅबिलायझर म्हणून असतं, म्हणजे गरम आंबटसर कॉफीत ते फाटत नाही. हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या, कार्यालयातल्या मशीनच्या प्रीमिक्स चहातही हाच प्रकार. ३४० असेल तर फॉस्फरससोबत पोटॅशियमही. एका कपाचा आकडा फार मोठा नसतो, पण डायलिसिसचा दिवस म्हणजे असे तीन-चार कप, आणि एकाही कपाबरोबर गोळी नाही. पातेल्यातल्या अर्धा कप चहात ३० मिली दूध घातलं तर ३० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस येतो, तोही अर्धाच शोषला जाणारा. टपरीवरचा साधा चहा इथे निर्विवाद चांगला.

मुलांच्या ‘हेल्थ’ पावडरी आणि प्रथिन पावडरी वाचताना अॅडिटिव्हचे नंबर पाहून थांबू नका. ‘मिनरल्स’ म्हणून जी यादी असते, तिथे कॅल्शियम फॉस्फेट, डायकॅल्शियम फॉस्फेट अशी नावं पूर्ण लिहिलेली असतात. नंबर नाही म्हणून निसटून जातं. अशक्तपणा आलाय म्हणून भेटायला येणारे पाहुणे हाच डबा आणतात. तो मुलांना द्या, रुग्णाला नको. डायलिसिसच्या रुग्णाला प्रथिनं जास्तच लागतात, पण ती अंड्याच्या पांढऱ्यातून घ्यावीत. पांढऱ्यात फॉस्फरस अगदी थोडा, जवळजवळ सगळा पिवळ्यात.

कोल्ड्रिंक, नूडल्स आणि बाकीचं

कोका-कोला, थम्स अप, पेप्सी यांत ३३८ आहे, बिनसाखरेच्या बाटलीतही आहे. स्प्राइट आणि लिम्कात त्या जागी ३३० म्हणजे सायट्रिक अॅसिड. कोलाच्या २५० मिलीत साधारण २५ ते ४५ मिलिग्रॅम फॉस्फरस येतो, जवळजवळ सगळा शोषला जाणारा. आकडा चीजच्या मानानं लहान आहे, हे मान्य करायला हवं. कोलाच्या नावानं बोंब मारून चीज सोडून देणं बरोबर नाही. पण मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो तेव्हा माणूस एका ग्लासावर थांबत नाही, आणि डायलिसिसच्या रुग्णाला एकूण पाणीच मोजून प्यायचं असतं. तहानेला बर्फाचा छोटा खडा चघळणं किंवा लिंबाची फोड चोखणं कोलापेक्षा बरं. गोटी सोड्यात फॉस्फेट नाही, पण तेही पाण्याच्या मापातच धरा. उसाचा रस पोटॅशियममुळे नको.

झटपट नूडल्सच्या बऱ्याच पाकिटांवर घटकांच्या यादीत मसाल्याच्या आधी, खुद्द शेवयांच्या ओळीत ह्युमेक्टंट म्हणून ४५१ असतं. उकळून पाणी ओतून दिलं तर त्यातला काही भाग जातो. मसाल्याची पुडी अर्धीच घातली तर सोडियम बरंच कमी होतं. एवढं करूनही तो रुग्णाचा पदार्थ नाही. हाताच्या किंवा गव्हाच्या साध्या शेवयांचा उपमा तितक्याच वेळात होतो.

शेव, फरसाण, चिप्स यांत फॉस्फेट क्वचित, मीठ भरपूर. पापडातला पापडखार हा सोडियमचा क्षार, फॉस्फेट नव्हे. गुलाबजाम आणि ढोकळ्याच्या पाकिटांत कुणी ५०० वापरतं, कुणी ४५०, वाचूनच घ्यायची. भूम-कुंथलगिरीच्या खव्यात काही मिसळलेलं नसतं, पण पाच लिटर दूध आटून किलोभर होतो, म्हणजे दुधाचा सगळा फॉस्फरस त्यात गोळा झालेला. पेढा एक, तोही जेवणानंतर.

मिठाबद्दल एक सावधगिरी. ‘लो सोडियम’ मीठ रुग्णासाठी मुद्दाम आणलं जातं, आणि त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. हे किडनीच्या रुग्णाला जिवावर बेतू शकतं. लोहयुक्त, म्हणजे डबल फोर्टिफाइड मिठाच्या पाकिटावर ४५२ किंवा सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट आहे का तेवढं पाहा. साधं आयोडीनचं मीठ, मोजून, हे सगळ्यांत सुरक्षित.

हे बदल केल्यावर गोळ्या आपल्या मनानं कमी करू नका. महिनाभर पाकिटं बाजूला ठेवा, भाकरी-वरण नेमून दिलेल्या मापात चालू ठेवा, आणि पुढच्या रिपोर्टवरचा आकडा डॉक्टरांना दाखवा. तेव्हाही फॉस्फरस खाली आला नसेल तर कारण दुसरीकडे असू शकतं: डायलिसिस चुकलं किंवा वेळेआधी संपवलं, गोळी जेवणाआधी तासभर घेतली गेली, किंवा पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) वाढल्यामुळे हाडांतूनच फॉस्फरस सुटतोय. घरात जी पाकिटं नेहमी येतात त्यांच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये काढून डायलिसिसच्या दिवशी आहारतज्ज्ञाला दाखवा. ‘तुम्ही काय खाता’ या प्रश्नाला आठवून दिलेल्या उत्तरापेक्षा त्या फोटोंवरून कारण लवकर सापडतं.